ह्यूस्टनला शिफ्ट होताय आणि हरिकेनचं विचारलंत, त्यावर

ऑगस्टमध्ये ह्यूस्टनला येतोय, मुलगी दुसरीत आहे, हरिकेनची, म्हणजे इथल्या चक्रीवादळाची, कितपत काळजी करायची आणि एकटं वाटतं का, असं विचारलंत. दोन ओळीत उत्तर देणार होतो, पण प्रश्न वाचला आणि जुनं सगळं वर आलं. टॉर्च, बॅटऱ्या, पाण्याचे कॅन हे सरकारी साईटवर आहे, ते सांगत नाही. सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे तुम्ही ऐन भरात येताय.

आम्हीपण आधी नुसती वादळाची कॅटेगरी बघायचो. तो आकडा फक्त वाऱ्याचा असतो हो, ताशी ११९ किमीला एक, २५२ च्या पुढे पाच. पाण्याचा त्यात हिशेबच नाही. २००८ चं आइक वादळ किनाऱ्याला लागलं तेव्हा कॅटेगरी दोनच होतं, पण अवाढव्य पसरलेलं, वाऱ्याने समुद्र जमिनीवर लोटला आणि टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या बोलिव्हरच्या पट्टीवर १५ ते २० फूट पाणी चढलं.

मूळ खेळ गरम पाण्याचा आहे. समुद्र साधारण २६.५ अंशांच्या वर तापला की वाफ उठते, वर जाऊन तिचे ढग होताना समुद्राकडून घेतलेली उष्णता ती हवेत सोडते, मग हवा आणखी वर, खाली दाब आणखी कमी, चारी बाजूंनी ओली हवा आत, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती सरळ न येता गरगरत येते. वरच्या थरातल्या वाऱ्याने हा वर चढणाऱ्या हवेचा खांब वाकवला नाही तर वादळ फोफावतंच. विरून गेलेलं हार्वे वादळ २३ ऑगस्ट २०१७ ला मेक्सिकोच्या आखातात पुन्हा जेमतेम उभं राहिलं आणि २५ च्या रात्री कॅटेगरी चार होऊन टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टपाशी धडकलं.

रॉकपोर्ट लांब, म्हणून मी निवांत. बायको म्हणाली गाडी उंचावर लावून ये, मी हसलो. ते अजून ऐकतोय. वादळाला पुढे ढकलणारा वाराच नव्हता, ते रेंगाळलं आणि आखातातून पाणी ओढून ओतत राहिलं. टेक्सासमधल्याच नेदरलँड गावात ६० इंचांवर पाऊस झाला. आमच्याकडे ह्यूस्टनला २६ च्या रात्री पाणी दारातून नाही आलं, आधी बाथरूमच्या मोरीतून वर आलं, आणि मग कार्पेट पायाखाली फुगायला लागलं.

घराच्या साध्या इन्शुरन्समध्ये पूर येत नाही. वेगळी पॉलिसी लागते, सरकारी पॉलिसी सहसा ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळ दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. आमचं घर नकाशात पूररेषेबाहेर होतं, मी ती घेतली नव्हती. भिजलेल्या भिंती चार फुटांपर्यंत कापल्या, स्वखर्चाने. मदतीचे फॉर्म तीनदा भरले, दरवेळी नवीन माणूस, दरवेळी तेच फोटो. तुम्ही भाड्याने घेणार असाल तर घरमालकाला गेल्या पाच वर्षांतला पूर सांगावा लागतो, २०१७ त्यात बसत नाही, तेव्हा तोंडाने विचारा.

शाळेचं मात्र अजून सलतंय. तात्पुरते मित्राकडे राहत होतो, तिथल्या शाळेने पत्त्याचा पुरावा मागितला, आमच्या नावाचं लाईट बिल. अहो, बिल ज्या घराचं होतं ते सडत पडलं होतं. घर गेलेल्या मुलांना कागदांशिवाय लगेच घ्यायचं, असा मॅकिनी-व्हेंटो नावाचा केंद्राचा कायदा आहे, आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि मीही मान खाली घालून परत आलो. पोरगी आठवडाभर घरी. मी तिथे भांडायला हवं होतं. तुम्ही ते नाव पाठ करून ठेवा.

एकटेपणाचं म्हणाल तर तो येतो, सरतो.

मुलगी तेव्हा तिसरीत होती, आता गाडी चालवते. पण बाहेर पावसाचा आवाज वाढला की झोपण्याआधी दप्तर जमिनीवरून उचलून पलंगावर ठेवते. मी बघतो, काही बोलत नाही.