गमबूट

चिरंजीव,

(हा मायना तुला जुनाट वाटतो, ठाऊक आहे. पण हाताला सवय आहे, आणि आजच्या पत्रात मला तोच हवा आहे.)

तुझा मेसेज दोनदा वाचला. हिमाचलातली पिन-पार्वतीची खिंड, एकट्यानं, फोन घरी ठेवून, घरच्यांना ‘मनालीला मित्रांबरोबर चाललोय’ एवढंच सांगून. आणि वर प्रोफाइलला तो फोटो: हिरवी-पांढरी जुनी बस, तिला टेकून खुर्चीत बसलेला, पायावर पाय टाकून हसणारा दाढीवाला पोरगा. तू त्याचं नाव लिहिलं नव्हतंस. लिहायची गरजही नव्हती. गेल्या वीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या पोरांपैकी निदान सहा-सात जणांच्या बोलण्यात हा क्रिस मॅककँडलेस, अलास्काच्या रानात एकटा राहायला जाऊन तिथेच मेलेला अमेरिकन पोरगा, कुठून ना कुठून आलाच आहे.

तुला हे माहीत नसेल, पण तो माझ्या वयाचा. 1968 चा. आज असता तर साठीकडे झुकलेला, चष्मा शोधत फिरणारा माणूस असता. मी त्याच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिशीत होतो. अमेरिकेहून आलेल्या एका मित्रानं त्याच्यावरचं पुस्तक दिलं, रात्रीत संपवलं आणि सकाळी कामावर जाताना बसस्टॉपवर उभं राहून वाटलं की आपण मूर्ख आहोत. म्हणजे तुझं काय झालंय ते मला कळतं. मी तुला हसायला हे पत्र लिहीत नाहीये.

त्याला हसणारे भरपूर आहेत. अलास्कातलेच लोक सर्वांत पुढे. असा कसा शहाणा, साडेचार किलो तांदूळ आणि पॉइंट टू टूची हलकी बंदूक घेऊन रानात राहायला निघाला? त्यानं मूस, म्हणजे तिकडचं अवाढव्य हरीण, मारल्याचं डायरीत लिहिलं होतं, तर सांगाडा बघून शिकारी म्हणाले, हे कॅरिबू, दुसरंच हरीण आहे, पठ्ठ्याला जनावरही ओळखता येत नाही. पुढे त्याच्या कॅमेऱ्यातले रोल धुतले, त्यात फोटो निघाला. मूसच होतं. हसणारे हे सांगायचं विसरतात. अॅटलांटातल्या विद्यापीठातून तो 1990 मध्ये चांगल्या गुणांनी पदवी घेऊन बाहेर पडला, शिलकीतले जवळजवळ 24,000 डॉलर ऑक्सफॅम या मदतसंस्थेला देऊन टाकले, ॲरिझोनाच्या वाळवंटात पुरात अडकलेली गाडी तिथेच सोडली, खिशातल्या नोटा जाळल्या. मग दोन वर्षं तो हिंडला. साउथ डकोटात धान्याच्या कोठारावर राबला, डोंगी घेऊन कोलोरॅडो नदीतून थेट मेक्सिकोत उतरला. दोन वर्षं असं जगलेला माणूस बावळट नसतो. हे मी त्याच्या बाजूनं कुठेही बोलेन.

पण मला तुझ्याशी फोटोतल्या माणसाबद्दल बोलायचं नाहीये. फोटोत नसलेल्या एका माणसाबद्दल बोलायचंय.

28 एप्रिल 1992. फेअरबँक्सच्या बाहेर रस्त्यावर अंगठा दाखवत उभ्या असलेल्या या पोराला एका इलेक्ट्रिशियननं आपल्या ट्रकमध्ये घेतलं. तो स्वतः शिकारी, रान ओळखणारा. सॅक बघूनच त्याला कळलं की एवढ्या सामानात भागणार नाही. वाटेत तो त्याला समजावत राहिला. अँकरेजपर्यंत गाडी नेतो, तुला नीट सामान घेऊन देतो, असंही म्हणाला. पोरगा ऐकेना. शेवटी रानात शिरणाऱ्या स्टॅम्पीड ट्रेल या वाटेच्या तोंडाशी, बर्फ लागून ट्रक पुढे जाईना तेव्हा त्यानं काय केलं? पायातले बूट नुसते चामड्याचे आहेत हे बघून आपले रबरी गमबूट दिले. बायकोनं बांधून दिलेला डबा दिला, सँडविच आणि मक्याचे चिप्स. पोरानं बदल्यात आपलं घड्याळ, कंगवा आणि होती नव्हती ती 85 सेंटची चिल्लर देऊ केली. नको म्हटलं तरी गाडीत ठेवून गेला. किती वाजले, आज वार कुठला, आपण कुठे आहोत, यातलं काहीच त्याला जाणून घ्यायचं नव्हतं.

इलेक्ट्रिशियनच्या मनात आलं होतं, पोलिसांना कळवावं का. मग वाटलं, भूक लागली की चार दिवसांत येईल आपसूक हमरस्त्यावर. कुणीही असाच विचार केला असता. मीही केला असता, केलाही आहे.

तिशीत वाचताना हा माणूस मला दिसलाच नव्हता. दोन पानांत येऊन गेला होता. आता ती गोष्ट आठवली की आधी तो आठवतो: ट्रकमध्ये बसलेला, गमबूट देऊन टाकलेले, शेजारी एक कंगवा आणि चिल्लर.

पुढचं तुला पाठ आहे, पण तू ते ज्या चालीत म्हणतोस त्या चालीत मी म्हणणार नाही. फोटोतली ती 142 नंबरची बस काही स्वर्गातून पडली नव्हती. फेअरबँक्सच्या शहर वाहतुकीतली मोडीत निघालेली बस. 1961 मध्ये रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना झोपायला म्हणून ओढत आत नेली, त्यात पत्र्याच्या पिंपाची शेगडी बसवली, काम संपल्यावर तिथेच टाकून दिली. आपल्याकडे धरणाच्या कामावर पत्र्याच्या शेड राहतात ना, तसली. तिथे तो राहिला. खारी, पक्षी, साळिंदर मारून खाल्ले. 9 जूनला मूस मारला. दोनअडीचशे किलो मांस एका माणसापुढे! साउथ डकोटातल्या शिकाऱ्यांनी सांगितलं होतं तसं तो ते धुरी देऊन टिकवायला बसला. अलास्कातला माणूस पातळ पट्ट्या कापून वाऱ्यावर वाळवतो. पाच-सहा दिवसांत किडे पडले. आयुष्यातल्या मोठ्या शोकांतिकांपैकी ही एक, असं काहीसं त्यानं डायरीत लिहिलं. मला त्याची डायरी इथे सगळ्यात जास्त आवडते. त्याला जनावर मारल्याची शरम वाटली होती.

आणि मग तो परत निघाला. हे नीट ऐक, कारण हे कुणी प्रोफाइलला लावत नाही. जुलैच्या सुरुवातीला त्यानं सॅक भरली आणि माणसांकडे चालू लागला. त्याचं रान राहून झालं होतं. दोन दिवस चालून तो टेक्लानिका नदीशी आला. एप्रिलमध्ये जी त्यानं सहज ओलांडली होती तीच आता हिमनदीच्या वितळत्या पाण्यानं फुगून धो धो वाहत होती. अशक्य वाटतंय, भीती वाटतेय, असं लिहून तो मागे फिरला. बसकडे.

तिथून खालच्या अंगाला, अर्ध्या तासाच्या आतल्या चालीवर, नदी मोजणाऱ्या सरकारी खात्यानं तारेवरून हातानं ओढायचा पाळणा बसवलेला होता. त्याच्याकडे त्या भागाचा तपशीलवार नकाशा नव्हता. मुद्दाम नव्हता. नकाशात नसलेलं रान आता जगात उरलं नाही म्हणून त्यानं तसला नकाशाच घेतला नाही.

ऑगस्टच्या मध्यानंतर केव्हातरी तो गेला. 6 सप्टेंबरला मूसच्या शिकारीला आलेल्यांना सापडला तेव्हा वजन 30 किलो होतं. कशानं गेला यावर अजून वाद चालतो. आधी म्हणाले, जंगली बटाट्यासारखंच दिसणारं दुसरं झाड खाल्लं. मग जंगली बटाट्याच्या बियांवर संशय आला. 2013 मध्ये तर असं निघालं की त्या बियांत ओडॅप नावाचं विष असावं, म्हणजे आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या डाळीतलंच, जिच्यामुळे पाय लुळे पडतात म्हणून ती कित्येक दशकं विकायला बंदी होती. वाचून मी ताडकन उठून बसलो होतो. भंडाऱ्याची माझी आत्या ती डाळ कशी भिजवून, पाणी फेकून शिजवायची ते डोळ्यांपुढे आलं. दोन वर्षांनी ओडॅप म्हणणारी मंडळीच म्हणाली, ओडॅप नव्हे, दुसरंच एक द्रव्य. असू दे. हाडाला कातडी लागलेल्या पोटाला थोडं विषही पुरतं, आणि विष नसलं तरी उपाशी माणूस मरतो.

शेवटी दारावर मदतीची चिठ्ठी लावली होती त्यानं. आपण जखमी आहोत, एकटे आहोत, ही चेष्टा नाही, देवासाठी थांबा, जवळच बेरी गोळा करतोय. दोन वर्षं तो स्वतःला ॲलेक्झांडर सुपरट्रॅम्प म्हणवत होता. त्या चिठ्ठीखाली त्यानं आईबापांनी ठेवलेलं नाव लिहिलं.

मग तो इतका का चिकटून राहिला आपल्याला? मी यावर बराच विचार केलाय. रिटायर माणसाला वेळ असतो. 1934 मध्ये युटाच्या खडकाळ दऱ्यांत एव्हरेट रूस नावाचा वीस वर्षांचा चित्रं काढणारा पोरगा असाच नाहीसा झाला. त्याची दोन गाढवं सापडली, तो नाही. 2009 मध्ये हाडं मिळाल्याचा गाजावाजा झाला, नंतर तीही दुसऱ्याचीच निघाली. त्यालाही लोक अजून शोधतात. माझा आपला अंदाज असा की हे दोघे विशीतच थांबले म्हणून आपलं भागतं. मॅककँडलेस जर नदी ओलांडून आला असता तर? त्यानं घरी फोन केला असता, बहिणीला भेटला असता, कुठेतरी नोकरी धरली असती, पोट सुटलं असतं. तसे हजारो परत आले आहेत. त्यांचे फोटो कोण लावतो? मी एक त्यातलाच.

आता माझी गोष्ट. ही तुला मी कधी सांगितली नाही, कारण तीत माझी शोभा नाही.

1993 चा जुलै. हरिश्चंद्रगडाच्या मागच्या अंगाच्या एका वाडीवरून मी एकटा निघालो होतो. दोन दिवस संततधार. ओढा कमरेच्या वर, गढूळ, मधून मधून फांद्या वाहत येत होत्या. मी काठी टाकून खोली बघत होतो तेवढ्यात मागून सॅकचा पट्टा कुणीतरी धरला. घोंगडीची खोळ घेतलेला एक म्हातारा. ‘आत्ता नाय जायचं. बसा. पानी उतरंल.’ मी म्हणालो, मामा, मला सवय आहे. त्यानं पट्टा सोडला नाही. वाद नाही, उपदेश नाही, नुसता धरून उभा. शेवटी मी चिडून त्याच्या पडवीत बसलो. चूल धुपत होती, शेळीचं करडू माझ्या ओल्या मोज्यांवर येऊन झोपलं, गुळाचा चहा आला. साडेतीन तास. पाऊस ओसरला, पाणी गुडघ्याशी आलं, मी ओलांडून गेलो आणि मागे वळून बघितलंसुद्धा नाही. नाव विचारलं नाही. माझा असाच समज होता की त्यानं माझा दिवस फुकट घालवला.

पुढे रेस्क्यूला जायला लागलो. एका पोराला बांबूच्या झोळीतून खाली आणलं, तुझ्याहून लहान. पायथ्याला त्याचे वडील उभे होते. कसा पडला, कुठे पडला, काही विचारलं नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, ‘जेवला होता का तो?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मला घोंगडीवाला आठवला.

मॅककँडलेसचे आईवडीलही पुढे त्या बसपाशी गेले. आईनं तिथे एक बॅग ठेवली, औषधपाणी आणि डबाबंद खाण्याची, आणि सोबत चिठ्ठी: वाचणाऱ्यानं शक्य तितक्या लवकर आपल्या आईबापांना फोन करावा. तरीही लोक जातच राहिले. तीच टेक्लानिका, तेच पाणी. 2010 मध्ये एक जण बुडाली, 2019 मध्ये आणखी एक. पहिली एकोणतीस वर्षांची, दुसरी चोवीसची. सुटका करून आणलेल्यांची तर यादी आहे. शेवटी 18 जून 2020 ला चिनूक हेलिकॉप्टरनं ती बस उचलली. आता ती फेअरबँक्सच्या संग्रहालयाकडे आहे. तिच्यापर्यंत जायला आता नदी लागत नाही.

पिन-पार्वतीला लागते. एकदा नाही, अनेकदा. मंतलाई तलावाकडे जाताना पांडू पुलाच्या खडकांवरून पार्वती ओलांडशील ते ठीक, पण बाजूचे ओहोळ तुला फसवतील. बर्फाचं पाणी पहाटे सर्वांत कमी असतं आणि दुपारनंतर चढतं. सकाळी घोट्याशी असलेला ओहोळ चार वाजता मांडीला लागतो. म्हणून चारला पोचलास तर तंबू लाव, झोप, पाचला उठून ओलांड. सॅकचा कमरेचा पट्टा सोडूनच पाण्यात उतरायचं. ओलांडता येत नसेल तर त्याच जागी हट्ट न करता वर चालत जा, पात्र पसरट होऊन फाटे फुटतात तिथे पाणी उथळ मिळतं. टेक्लानिकाही वरच्या अंगाला तशीच फाटे फुटून पसरलेली आहे. आणि खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या हिमनदीवर एकट्यानं जायचं नाही, यावर मी तुझ्याशी चर्चा करणार नाही. जिथून चालायला लागशील त्या बरशैणीतून एखादा स्थानिक पोरगा सोबत घे. त्याच्याशी दिवसभर बोलू नकोस हवं तर. एकटेपणाला तेवढं पुरतं.

फोन घरी ठेवायचा असेल तर ठेव. मीही 2001 पर्यंत फोनशिवायच हिंडलो. पण कागदावर लिहून द्यायचं: कुठून, कुठे, कितव्या दिवशी खिंडीपलीकडच्या मुद गावात उतरणार आणि कुठल्या तारखेनंतर आम्ही शोधायला निघायचं. एक प्रत आईला, एक मला. आईला मनालीची थाप मारू नकोस. खरं सांग, ती रडेल, दोन दिवस बोलणार नाही आणि मग लाडू बांधून देईल. ते लाडू घेऊन जा, वजन म्हणून काढून ठेवू नकोस.

शनिवारी संध्याकाळी ये. नकाशा आण, छापील. पाणी कुठे कुठे लागतं ते पेन्सिलीनं मांडून देतो. माझी माहिती बारा वर्षांपूर्वीची आहे, पण ओहोळ फारसे जागा सोडत नाहीत.

आणि पायाचा नंबर कळव. पाण्यातून जायचे माझे जुने बूट आठ नंबरचे आहेत, तळवा अजून चांगला आहे. बसले तर घेऊन जा. मला ते परत हवे आहेत.

तुझा,
काका