इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. अभ्यासासाठी बीजीएमआयचा (मोबाइलवर चौघांच्या टीमने खेळायचा लढाईचा गेम) ग्रुप सोडला होता. आता माझ्या जागी दुसरा आलाय. परत जावं का? आणि परत अडकलो तर अभ्यासाचं काय?

जा परत. फक्त चौथ्याची जागा मागू नकोस, पाचवा म्हणून जा. (सेकंड इयरला आहेस म्हणालास, म्हणून अरेतुरे करतोय. राग मानू नकोस.)

मी साताऱ्याकडचा, मेकॅनिकलचा, डिप्लोमा करून पुण्यात थेट सेकंड इयरला आलेला. भूगोलाचा पेपर न देताच दहावी पास झालेली 2020 ची बॅच, ती आमची. त्या लॉकडाऊनमध्ये आमचा चौघांचा स्क्वाड जमला. सप्टेंबरात पबजीवर बंदी आली आणि ग्रुपवर नुसते गुड मॉर्निंगचे फोटो यायला लागले. जुलै 2021 मध्ये पबजीचाच भारतासाठीचा अवतार, बीजीएमआय आला, पुन्हा जमलो. जुलै 2022 च्या शेवटी तोही स्टोअरवरून उडाला, तेव्हा नेमका नवीन फोन घेतलेला आमचा एक जण अडकला. मे 2023 च्या शेवटी गेम परत आला. एवढं सगळं होऊनही कोणी कोणावर रुसलं नाही, कारण दोष द्यायचा तर सरकारला देता येत होता. मी मात्र त्याच वर्षी स्वतःहून बाहेर पडलो, तेव्हा सगळ्यांची तोंडं वाकडी झाली.

कारण होतं एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर. डिप्लोमावाल्यांना विचार, एम-थ्री म्हणजे काय. बाकीची पोरं फर्स्ट इयरला एम-वन, एम-टू करून आलेली असतात. आपण थेट लाप्लास आणि व्हेक्टर कॅल्क्युलसच्या दारात. त्यात आपल्या अ‍ॅडमिशनचे राउंड उशिरा, म्हणजे वर्गात पाऊल टाकतो तेव्हा पोर्शन पुढे गेलेला, आणि शेजारचा ‘अरे हे तर मागच्या वर्षी झालं’ म्हणतो. मी ग्रुपवर सरळ लिहिलं, एम-थ्री निघेपर्यंत मी नाही. ‘अभ्यासू झाला रे’ वगैरे झालं, आणि मग शांतता.

तरी पूर्ण सोडलं ते बरंच केलं असं माझं मत आहे, आणि तूही केलंस ते बरोबरच केलंस. हा गेम थांबवता येत नाही. एरँगल या मोठ्या मॅपवरची मॅच शेवटपर्यंत गेली तर अर्धा तास, आणि तो अर्धा तास तुझ्या एकट्याचा नसतो, चौघांचा असतो. ‘एक मिनिट, मेसवाल्या काकू आवरायला लागल्यात, ताट घेऊन येतो’ म्हणून उठणारा गडी न खेळणाऱ्यापेक्षा जास्त डोक्यात जातो. तो झोनबाहेर (झोन म्हणजे आकसत जाणारं सुरक्षित वर्तुळ) उभाच्या उभा मरतो आणि त्याला आणायला गेलेले दोघंही मरतात.

आता तुझ्या जागी आलेल्या माणसाबद्दल. आमच्याकडेही आला. आमच्यातला एक डिप्लोमानंतर चाकणला कंपनीत लागला. त्याचा तिथला रूममेट, बीडचा, माझ्या जागी बसला. मी परत गेलो त्या रात्री चाकणवाला थर्ड शिफ्टला होता, म्हणून तर जागा होती. आम्ही पूर्वी कायम पोचिंकीत, म्हणजे मॅपवरच्या सगळ्यात गर्दीच्या गावांपैकी एकात उतरायचो, धडाधड भांडायचो, निम्म्या वेळा दोन मिनिटांत मरून लॉबीत (मॅच लागायची वाट बघतात त्या स्क्रीनवर) परत. आता हे लोक कडेकडेने, शांतपणे, गाडी शोधून चाललेले. बीडवाला ठरवतो कुठे उतरायचं, आणि बाकीचे दोघं ऐकतात. आमच्यात कधी कोणी कोणाचं ऐकलं नव्हतं! मी जुन्या सवयीने एका घरात घुसलो आणि जिन्यातच नॉक झालो, म्हणजे गोळ्या खाऊन आडवा. फोन नवा, जायरोची (फोन हलवून नेम धरायची) सेटिंग जुनी राहिलेली नाही, एम-फोर बंदुकीच्या गोळ्या छताला चाललेल्या. मला उचलायला आला तो बीडवालाच. असं उचलायला, म्हणजे रिवाइव्हला, दहाएक सेकंद लागतात, वरून कोणीतरी ग्रेनेड टाकतंय, आणि हा माणूस मला विचारतो, ‘भाऊ, तुमचं एम-थ्री निघालं का?’ म्हणजे माझ्या मागे माझी चर्चा होत होती तर. मला जरा बरंच वाटलं.

अशा माणसाला उठवून ‘ही माझी जागा’ कुठल्या तोंडाने म्हणणार? म्हणून पाचवा हो. पाच जणांत रोज कोणाचं तरी काहीतरी असतंच. आमच्या चाकणवाल्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, दुकानवाल्याला दिवाळीच्या आधी महिनाभर मान वर काढता येत नाही, एकाच्या घरी रात्री दहानंतर फोन दिसला की आई माइकवर ऐकू येते. पाचव्याला बघता बघता जागा मिळते आणि तो नसला तर कोणाचं अडतही नाही. शिकणाऱ्या माणसाला याहून सोयीची जागा कुठली?

अभ्यासाच्या भीतीचं खरं सांगू का, मॅचने अभ्यास बुडत नाही. बुडतो तो रँक पुशने, म्हणजे वरची रँक गाठायच्या नादाने. क्राऊनवरून एस या वरच्या टियरला चढायचं डोक्यात बसलं की रोज हजेरी लावावी लागते, हरलेले पॉइंट भरून काढायला ‘अजून एक’ होतं, आणि ती एक कधीच शेवटची नसते. त्यात झोपायच्या आधी दुसऱ्यांच्या स्ट्रीम बघणं वेगळंच. 2023 ला गेम परत आला तेव्हा अठरा पूर्ण झालेल्यांना दिवसाला 6 तासांची मर्यादा घातली होती. सहा तास खेळून लाप्लास करणारा अजून मला भेटायचाय. मी परतल्यावर रँकचं बोलणंच काढलं नाही. जमल्यास सीझन बदलतो त्या सुमारास जा, तेव्हा सगळ्यांचेच टियर खाली आलेले असतात आणि तुझं कच्चं खेळणं तेवढं खुपत नाही.

वेळ माझा ठरलेला आहे, रविवार संध्याकाळ. पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्यांना कळेल. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट आणि रात्री मेस बंद. सगळी पोरं वडापाव नाहीतर मॅगीवर, अभ्यासाचं वातावरण तसंही नसतं. मधल्या वारी कधी अंगात आलंच तर एखादी टीडीएम (दोन टीमची छोटी मॅच), दहा मिनिटांत संपते. इनसेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) आमच्या पॅटर्नला 30 मार्कांची, म्हणून तिला हलकी समजू नकोस, तिथे बावीस-चोवीस पडले की एंडसेमच्या 70 मध्ये छातीवरचं ओझं निम्मं होतं. म्हणून इनसेमच्या आधी मी गायब असतो, आणि सबमिशनच्या आठवड्यात तर खेळायचं नावच नाही. तेव्हा रात्री राइटअप उतरवायचे, दिवसा जर्नल घेऊन सरांच्या केबिनबाहेर उभं राहायचं, आणि सर नेमके मीटिंगला गेलेले. या तारखा मी ग्रुपवर आधीच टाकून ठेवतो. न सांगता गायब होणं लोकांना लागतं, सांगून गेलेल्याची कोणी चौकशीसुद्धा करत नाही.

अजून एक. गेममध्ये जायच्या आधी त्यातल्या एकाला तरी फोन कर. मी चाकणवाल्याला केला होता. अर्धा तास बोललो, त्यात गेमचा विषय निघालाच नाही. सुपरवायझर, अप्रेंटिसचं वर्ष संपलं की कायम करतील का, रूमचं भाडं, हेच चाललं होतं. पूर्वी हे सगळं लॉबीत मॅच लागेपर्यंतच्या वेळात बोलून व्हायचं, मुद्दाम फोन करायची गरजच पडायची नाही. मी बाहेर पडल्यावर माझं हेच तुटलं होतं, आणि आपल्यात ‘कसा आहेस’ विचारायला फोन करायची पद्धत नाही. फोन झाला की ग्रुपवर फार काही लिहावं लागत नाही. मी एवढंच लिहिलं, ‘रविवारी आठला आहे. जागा असली तर घ्या, नाहीतर स्पेक्टेट करतो, नुसतं बघतो.’ उत्तर आलं ‘ये’. त्या ‘ये’मध्ये राग आहे का प्रेम आहे हे शोधत बसू नकोस, पोरं एवढंच लिहितात.

आणि अपडेट शनिवारीच करून ठेव. इतक्या महिन्यांनी उघडतोयस, मॅप वगैरे धरून डाउनलोड जीबीच्या घरात जाईल. रूमचं वायफाय आठ जणांत असेल तर रविवारी संध्याकाळी ते होणार नाही.