ब्लास्टमध्ये ४३ टक्के साम्य आलं, तर प्रथिनाला तेच नाव लावावं का?

प्रश्न असा आहे: मातीतल्या जिवाणूचा नवा जीनोम, त्यातल्या एका प्रथिनाला ब्लास्टमध्ये (प्रथिनाचा क्रम डेटाबेसातल्या क्रमांशी जुळवणारं साधन) पहिला हिट, म्हणजे सर्वांत जवळची जुळणी, ‘अ‍ॅट्राझिन क्लोरोहायड्रोलेज’, साम्य ४३ टक्के, ई-व्हॅल्यू जवळजवळ शून्य. हेच नाव लावू का, आणि नाही तर सॉफ्टवेअर कोणतं वापरू?

लावू नका. सॉफ्टवेअरचं नंतर बघू, दुखणं तिथलं नाहीच.

ई-व्हॅल्यू एवढंच सांगते की हे साम्य योगायोगानं आलेलं नाही, म्हणजे दोघांचा पूर्वज एक. धंदाही एक, असं ती कुठे म्हणते? आडनाव सोनार आहे म्हणून माणूस दागिने घडवतोच असं नाही.

आणि हिटही नेमका काय मिळाला! अ‍ॅट्राझिन क्लोरोहायड्रोलेज, म्हणजेच अ‍ॅट्झ-ए, हे एन्झाइम अ‍ॅट्राझिन या तणनाशकाचा क्लोरीन काढतं. त्याचं जुळं भावंड ट्राय-ए, ते मेलामिनचा अमिनो गट काढतं. दोन्ही सुमारे ४७५ अमिनो आम्लांची, फरक फक्त ९ जागी, साम्य ९८ टक्के. जनुकांतही नऊच अक्षरं वेगळी आणि प्रत्येकानं अमिनो आम्ल बदललेलं, एकही बदल मुका नाही. म्हणजे ही फारकत अगदी अलीकडची आणि निवडीच्या रेट्याखाली झालेली. ट्राय-ए अ‍ॅट्राझिनचा क्लोरीन अगदी हळू का होईना काढतं; अ‍ॅट्झ-ए मात्र मेलामिनला हात लावत नाही. नऊपैकी खरी मेख ३२८ आणि ३३१ या जागांवर आहे: अ‍ॅट्झ-ए मध्ये अ‍ॅस्परजिन आणि सेरिन, ट्राय-ए मध्ये अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि सिस्टीन. ‘४० टक्क्यांच्या वर गेलं की काम तेच’ हा नियम सांगणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे. त्यांनी ही जोडी समोर ठेवून तो नियम परत म्हणून दाखवावा.

तुमचं तर ४३ टक्केच आहे. अ‍ॅट्झ-ए ज्या कुळातलं, ते अमायडोहायड्रोलेज हे भलंमोठं खटलं आहे, त्यात ग्वानिन नाही तर सायटोसिनचा अमिनो गट काढणारी भावंडं भरपूर. तुमचं प्रथिन त्यांच्यापैकी असण्याची शक्यता जास्त.

चुकीचं नाव एकदा डेटाबेसात शिरलं की पुढचा त्याचीच नक्कल करतो. २००९ साली ३७ एन्झाइम कुळं तपासली गेली. माणसांनी तपासलेल्या स्विस-प्रॉटमध्ये चुका जवळजवळ नव्हत्या. आपोआप भरलेल्या डेटाबेसांत काही कुळांत चुकीच्या नावांचं प्रमाण ८० टक्क्यांच्याही वर होतं. म्हणून शोध आधी स्विस-प्रॉटमध्ये घ्या, नोंद उघडा आणि काम कुणी प्रयोगानं मोजलंय की ‘साम्यावरून’ लिहिलंय ते वाचा. जीन ऑन्टॉलॉजीत (जनुकांच्या कामांची ठरलेली शब्दसूची) पुराव्याचा शेरा असतो: आयडीए म्हणजे थेट मोजलेलं, आयईए म्हणजे यंत्रानं चिकटवलेलं.

मग लांबी. जुळणी दोन्ही प्रथिनांच्या निदान ८० टक्के भागावर हवी. नुसत्या सीबीएस डोमेनच्या (डोमेन म्हणजे प्रथिनाचा स्वतंत्र घडी पडणारा तुकडा) साम्यावरून कितीतरी प्रथिनांना आयएमपी डिहायड्रोजिनेज ठरवलं गेलं, कारण त्या एन्झाइममध्येही ते डोमेन असतं. डोमेन शोधायला इंटरप्रोस्कॅन हे साधन चालवा. पीफॅम या प्रथिन-कुळांच्या संग्रहात ई-व्हॅल्यूवर न जाता कुळाचा स्वतःचा गॅदरिंग थ्रेशोल्ड, म्हणजे त्या कुळासाठी ठरवलेला किमान स्कोअर, लावा. प्रयोगानं सिद्ध झालेली दहा-पंधरा भावंडं घेऊन मॅफ्ट या साधनात त्यांचे आणि तुमचा क्रम एकाखाली एक रांगेत लावा. धातू धरणारे हिस्टिडिन जागेवर आहेत का, आणि ३२८-३३१ ला काय बसलंय, हे डोळ्यांनी बघा. हे काम कुठल्याही स्कोअरवर सोपवू नका.

रचनेचा अंदाज बांधणारं अल्फाफोल्ड आणि तशा रचना शोधणारं फोल्डसीक? चालवा, पण इथे फारसं हाती लागणार नाही. रचना टिम बॅरल (पिंपासारखी एक नेहमीची घडी) निघेल आणि टिम बॅरल शेकडो वेगवेगळी कामं करतो. पीएलडीडीटी (अल्फाफोल्डचा स्वतःच्या अंदाजावरचा भरवसा, शंभरपैकी) ७० च्या खाली असलेल्या भागावरून तर काहीच ठरवू नका.

जीनोमवर शेजारी असलेली जनुकं जास्त बोलतात. प्युरिन मोडणारी जनुकं शेजारी असतील तर ग्वानिन डिअमिनेजचा संशय धरा. उलट खूण मात्र कच्ची आहे: अ‍ॅट्राझिन मोडणाऱ्या स्यूडोमोनास एडीपी या जिवाणूच्या प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा वेढा) त्या मार्गातली अ‍ॅट्झ-डी, ई, एफ एका ओपेरॉनात, म्हणजे एकत्र चालणाऱ्या गटात, आहेत, पण ए, बी, सी विखुरलेली. त्यामुळे शेजारी अ‍ॅट्झ-बी दिसलं नाही म्हणून अ‍ॅट्झ-ए नाही, असं म्हणता येत नाही.

एवढं करूनही ठरलं नाही तर ‘अमायडोहायड्रोलेज कुळातलं प्रथिन’ एवढंच लिहा. ‘हायपोथेटिकल’, म्हणजे काम माहीत नाही, असं लिहायची लोकांना उगाच लाज वाटते. २०१६ मध्ये जेसीव्हीआय-सिन ३.० हा किमान जीनोम (जगायला लागतील जवळजवळ तेवढीच जनुकं असलेला) मुद्दाम घडवला, त्यात ४७३ जनुकं होती. त्यांतल्या १४९ जनुकांचं नेमकं काम तेव्हा माहीत नव्हतं, आणि त्यांनी ते तसंच छापलं.

हो, एक राहिलं. रायबोसोमची प्रथिनं, गायरेज, आरएनए पॉलिमरेज, अशांना हा सगळा खटाटोप लागत नाही. पूर्ण लांबी जुळली की पहिला हिट बहुधा बरोबर असतो.

क्लोरोहायड्रोलेजच लिहायचं असेल तर जनुक ई. कोलायमध्ये घाला आणि लिटरला ५०० मिलिग्रॅम अ‍ॅट्राझिन असलेल्या आगरवर वाढवा. पाण्यात ते लिटरला जेमतेम ३३ मिलिग्रॅम विरघळतं, त्यामुळे बशी दुधाळ दिसते. क्लोरीन निघत असेल तर वसाहतीभोवती स्वच्छ कडं पडतं. शेजारी रिकाम्या प्लाझ्मिडची वसाहत हवीच.