वडिलांनी तीस वर्षं द्राक्षबागेत फवारणी केली, आता रक्तात एमजीयूएस निघालंय. औषधांमुळेच झालं असेल का? पथ्य काय पाळायचं?

तुमच्या प्रश्नातला 'औषधांमुळेच' हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. आमच्या निफाडकडेही कीटकनाशकाला औषधच म्हणतात.

एमजीयूएस म्हणजे रक्तात एकाच जातीचं असामान्य प्रोटीन सापडणं. आमच्या आण्णांचं २०१९ साली निघालं, तेही मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत. टोटल प्रोटीन जास्त आलं, मग इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रोटीनं वेगळी करून बघायची तपासणी, मग तिच्या आलेखात एम स्पाइक, म्हणजे त्या असामान्य प्रोटीनचं टोक. केसपेपरवर व्यवसायापुढे 'शेती' एवढंच लिहिलेलं. फवारणीचं मीच काढलं तर तिथले डॉक्टर हसून म्हणाले, "मग अख्खा नाशिक जिल्हा आजारी पडायला हवा." थोरल्या भावाने ते वाक्य तिथून उचललं आणि आजतागायत मला ऐकवतो.

अहो, पण अख्खा जिल्हा तपासलाय कोणी? याला ना दुखणं, ना ताप. शोधलं तरच सापडतं. अमेरिकेत शोधलं. आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या फवारणी करणाऱ्या पुरुषांचं रक्त तपासलं, २००९ साली निष्कर्ष छापून आले: वयाचा हिशेब धरूनही एमजीयूएसचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट. त्यात डिल्ड्रिन या कीटकनाशकाचं नाव होतं आणि क्लोरोथॅलोनिल या बुरशीनाशकाचंही. क्लोरोथॅलोनिलचे पुडे आमच्या शेडमध्ये मी स्वतः रचलेत. व्हिएतनाम युद्धात विमानातून एजंट ऑरेंज हे तणनाशक फवारणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या लोकांत प्रमाण ७.१ टक्के, त्या कामावर नसलेल्या हवाई दलातल्याच इतरांत ३.१. एजंट ऑरेंजशी संबंध आलेल्या माजी सैनिकांसाठी तिथल्या सरकारने २०२२ च्या कायद्यात एमजीयूएस भरपाईच्या यादीत घातलं. आपल्याकडे केसपेपरवर 'शेती'.

आण्णांची पद्धत सांगतो. बांधावर दोनशे लिटरचा ड्रम. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची पुडी दातांनी फाडायची, पिवळट भुकटी मिशीला लागलेली. मग कोपरापर्यंत हात घालून ढवळायचं. काठी शेजारीच पडलेली असायची. "काठीला गुठळ्या कळत नाहीत," म्हणायचे. ब्लोअर नव्हता तेव्हा गन घेऊन मांडवाखालून चालायचं, म्हणजे फवारा वर आणि माणूस खाली. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने दिवसाआड हेच. संध्याकाळी बनियन वाळून पापडासारखा कडक व्हायचा आणि आई तो आमच्या शाळेच्या कपड्यांतच भिजवायची. सुट्टीत मीही हाताने ढवळलंय.

नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मास्क, हातमोजे, गॉगल आणून दिले. भाऊ म्हणाला, "शहरात गेला आन् शहाणा झाला." मास्क शेडमध्ये खिळ्याला टांगला, त्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलं. मास्कने उन्हात जीव गुदमरतो हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण हातमोज्यांना काय झालं होतं?

आता तुमचा प्रश्न. तुमच्या वडिलांना फवारणीनेच झालं, हे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पन्नाशीपुढे शंभरात साधारण तिघांना हे असतं, त्यात जन्मात पंप पाठीला न लावलेलेही आले. घरात कोणाला असेल तर धोका वाढतो, लठ्ठपणाचाही संबंध दिसलाय. तंबाखूचा पुरावा मात्र इतका सरळ नाही. आणि हा कॅन्सर नाही. वर्षाला शंभरातल्या एखाद्याचंच मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरात किंवा तसल्या आजारात जातं. पथ्य असं काही नाही, वजन आटोक्यात ठेवा. गुळवेलीचा काढा घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना चहा पाजून परत पाठवा. डॉक्टर सांगतील तेव्हा, सहसा आधी सहा महिन्यांनी आणि मग वर्षाला, रक्त तपासा. हाडं दुखत राहिली, दम लागू लागला तर तारखेची वाट बघू नका. मी डॉक्टर नाही, बँकेत आहे, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांचा.

एक मात्र करा. वडिलांना आठवतील तेवढी औषधांची नावं आणि साधारण वर्षं एका कागदावर लिहून फाईलला लावा, कोणी मागो न मागो. आम्ही केलं तेव्हा आण्णांना सतरा नावं आठवली. भाऊ शेजारी बसून दोन-तीन दुरुस्त करत होता.

त्याला स्वतःची तपासणी कर म्हटलं, चोपन्नचा आहे. म्हणतो, "निघालं तर काय करणारेस? बाग तोडू?"