नांगरावरचं आरमार हरलं कसं?

प्रश्न (एक वाचक, चोपडा): दादा, पोराच्या इतिहासाच्या पुस्तकात वाचलं की १७९८ मधे इंग्रज अॅडमिरल नेल्सनने इजिप्तच्या अबुकीरला नांगर टाकून उभं असलेलं फ्रेंच आरमार अचानक गाठून संपवलं. आपल्याला तापीपलीकडचं पाणी माहीत नाही, पण तोफा तर फ्रेंचांकडेपण होत्या ना भो, मग एवढा बोऱ्या कसा वाजला?

उत्तर: भाऊ, ते "अचानक" अर्धंच खरं. १ ऑगस्टला दुपारीच इंग्रजांची शिडं दिसली होती, पण फ्रेंच अॅडमिरल ब्रुएला वाटलं की आता दिवस मावळायला आला, खाडी यांना माहीत नाही, आज काही येत नाहीत. नेल्सन थांबलाच नाही.

खरी गोम पुढे आहे. ब्रुएची १३ मोठी जहाजं किनाऱ्याला धरून एका रांगेत उभी होती, किनाऱ्याकडे पाणी उथळ म्हणून तिकडून कोणी शिरणार नाही असा हिशोब, त्यामुळे सगळी तयारी समुद्राकडच्या तोफांवर, दुसऱ्या बाजूला सामानसुमान रचलेलं आणि बरेच खलाशी विहिरी खणायला किनाऱ्यावर गेलेले. आता जहाज पुढच्या एकाच नांगरावर असलं की वारा फिरेल तसं ते खुंट्याच्या बैलासारखं गोल फिरतं, म्हणजे ते जिथवर फिरेल तिथवर पाणी खोल असणारच ना! इंग्रजांच्या 'गोलायथ' जहाजाचा कॅप्टन फोली बरोबर रांगेच्या तोंडाला वळसा घालून आत घुसला, मागोमाग आणखी काही जहाजं, बाकीची बाहेरून, आणि पुढची फ्रेंच जहाजं दोन्हीकडून भाजून निघाली. उथळ पाण्याची भीती खोटी नव्हती बरं का, इंग्रजांचं 'कलोडन' रुतलंच.

मागची फ्रेंच जहाजं मदतीला का नाही आली म्हणाल, तर वारा रांगेच्या तोंडाकडून मागे वाहत होता, शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर सरळ जातच नाही, मग बघत बसले. रात्री दहाच्या सुमारास ब्रुएचं स्वतःचं १२० तोफांचं जहाज 'लोरिआं' दारूगोळ्यासकट उडालं, ब्रुए त्याआधीच मारला गेलेला. १३ पैकी दोनच निसटली.

आपल्याकडे विजयदुर्गाला फेब्रुवारी १७५६ मधे इंग्रजांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्रेंचं आरमार असंच उभ्या उभ्या जळालं, जहाजं एकमेकांना खेटून बांधलेली, त्यातलं 'रिस्टोरेशन' जहाज पेटलं आणि आग सगळीकडे गेली. तेव्हा पेशव्यांची फौज जमिनीवरून इंग्रजांच्याच बाजूने होती, ते का, यावर वेगळा प्रश्न पाठवा, इथे जागा नाही.