विद्यापीठांमध्ये दर शास्त्रज्ञामागे होणारा संशोधनखर्च गेल्या काही दशकांत वाढला की घटला?

कागदावर वाढला. पण कोणी आलेख दाखवायला लागलं की आधी विचारा, भागिले किती?

मी हे एकदा भर बैठकीत विचारलं होतं. विभागाचा आढावा चालू होता, पडद्यावर ठळक अक्षरांत ‘दर शास्त्रज्ञामागचा खर्च दहा वर्षांत दुप्पट’. त्याच आठवड्यात आम्ही पिपेटच्या (थेंब मोजून घ्यायच्या नळीच्या) एकदाच वापरायच्या टिप्स धुऊन, ऑटोक्लेव्ह करून म्हणजे वाफेवर निर्जंतुक करून पुन्हा वापरत होतो. कॉन्फोकल मायक्रोस्कोप पाच महिने झाकून ठेवलेला, कारण लेझर गेला होता आणि देखभालीचा करार संपला होता. नवं यंत्र घ्यायला पैसे होते, जुनं दुरुस्त करायला नव्हते. (लेखाशीर्ष वेगळं, म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्यावर खर्चता येत नाहीत! ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल.)

विचारलं, “सर, शास्त्रज्ञ म्हणून कोण कोण धरलेत?”

“कायम नेमणुकीवरचे.”

म्हणजे चौघं. पीएचडीचे, पोस्टडॉक (पीएचडीनंतर तात्पुरत्या नेमणुकीवर संशोधन करणारे), प्रकल्प सहायक मिळून आम्ही सतरा जण हिशेबातच नव्हतो. बाहेर आल्यावर सर म्हणाले, “विद्यार्थी शिकायला असतात, त्यांना शास्त्रज्ञ कसं म्हणणार?”

तर सर, दहा वर्षांपूर्वी तुम्ही चौघं आणि हाताखाली पाच जण होते. तेव्हा भागिले नऊ, आता भागिले एकवीस. एकूण रक्कम दुप्पट झाली तरी दरडोई १४ टक्के घट, आणि महागाई अजून धरलेलीच नाही. शिवाय संशोधन करणारे पीएचडीचे विद्यार्थी संशोधकांतच मोजावेत, असं ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेची फ्रास्काटी नियमपुस्तिका सांगते; संशोधनाची आकडेवारी कशी मोजायची ते तिच्यात असतं. जगभरचे देश तीच वापरतात.

मोठ्या पातळीवरही हेच झालंय. अमेरिकेत एनआयएचचं, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेचं, बजेट १९९८ ते २००३ या काळात दुप्पट केलं. विद्यापीठांनी इमारती बांधल्या, माणसं भरली. मग वाढ थांबली, माणसं तिथेच. अनुदानाच्या शंभर अर्जांत तीसेक मंजूर व्हायचे, ते विसाच्या खाली आले. त्यांच्या मॉड्युलर अनुदानाची (यात खर्चाचा बारीक तपशील द्यावा लागत नाही) वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा १९९९ मध्ये ठरली आणि वीस वर्षांनंतरही तीच होती. तेवढ्या काळात अभिकर्मकांचे, म्हणजे प्रयोगाला लागणाऱ्या रसायनांचे, भाव आणि पगार काय थांबले होते?

म्हणून कुठे पीएचडीला जायचं ठरवत असाल तर विभागाच्या एकूण अनुदानाचा आकडा ऐकून भुलू नका. किती यंत्रं चालू आहेत ते तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा, प्राध्यापकांना नको.

हां, सगळंच महागलं असंही नाही. माणसाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचायला २००१ मध्ये सुमारे १० कोटी डॉलर लागत, आता हजाराहूनही कमी. त्यामुळे जीनोमवाल्यांचा खर्च घटला तर ते गरीब झाले असं होत नाही. आणि पीएचडीचा प्रत्येक विद्यार्थी अख्खा एक धरणंही चूक, तो वर्गातही बसतो. वेळेच्या प्रमाणात धरा. सतराचे बारा करा. तरी सरांचे चार होत नाहीत.