नकाशा मिटव, आधी झाडाखाली बघ

परवा रात्री तुझा मेसेज वाचला आणि झोपच लागली नाही. हवामान बदललं की मोहाचं झाड कुठे टिकेल याचा तू संशोधनासाठी काढलेला 2070 चा नकाशा, त्यात आपल्याकडचा मोह पुसट होत चाललाय, तुझे संशोधनाचे गाईड म्हणतात विषय बदल, आता काय करू, असं विचारतेस.

विषय बदलू नको. पण आधी हे सांग, त्या झाडांखाली वाकून पाहिलंस का? रोपं किती होती? एवढ्या स्लाइड पाठवल्यास, एका रोपाचा उल्लेख नाही.

मॅक्सएंटला, म्हणजे झाड आज कुठे आहे त्यावरून ते पुढे कुठे टिकेल हे काढणाऱ्या त्या कॉम्प्युटर मॉडेलला, तू ठिकाणं दिलीस ती सगळी मोठ्या झाडांची. ती रुजली तेव्हा तुझे आजोबा चड्डीत शाळेत जात असतील. म्हणजे मोठं झाड तेव्हाचं हवामान सांगतं, आजचं सांगेल ते रोप. 2013 च्या मेमध्ये नागपूर 47.9 ला गेलं तरी रामटेककडचे मोठे मोह तांबूस पालवी घेऊन उभे होते, मुळं खोल ना. वर्षभराच्या रोपाला तेवढं मूळ कुठून येणार? आणि बांधावरचा मोह तिथे टिकला तो काही तुझ्या 19 बायोक्लिमॅटिक व्हेरिएबल्समुळे, म्हणजे त्या तापमान-पावसाच्या आकड्यांमुळे नाही गं, रान तोडून शेत केलं तेव्हा कुणीतरी त्याच्यावर कुऱ्हाड चालवली नाही म्हणून टिकला. हे मॉडेलला कोण सांगणार?

मार्चमध्ये पहाटे जा. फुलं टपटप पडत असतात, बायका टोपल्या घेऊन वेचत असतात. फुलं वेचल्याने फळ बुडतं म्हणतात, ते चूक आहे, गळते ती नुसती गोड पाकळी, फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो. खरी गोष्ट जमिनीवर आहे. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्यात रोपं जातात. जे वाचतं ते शेळ्या खातात, आणि बिया तेलासाठी घरी जातात. मग हवामानाबरोबर मोहाचा पट्टा दुसरीकडे सरकेल म्हणतेस तो सरकणार कसा? बी नेणार वटवाघूळ, आणि पुढे रोप जगायला मोकळी जमीन पाहिजे की नाही? म्हणून म्हणतो, रोप बघ.

हे मी शिकलो ते नुकसान करून. एका प्रकल्पात मोहाच्या बिया जूनअखेर गोळा केल्या, मंजुरीची वाट बघत पोत्यात ठेवल्या आणि ऑगस्टमध्ये पेरल्या. एकही उगवली नाही. रिपोर्टात पाऊस कमी पडला असं लिहिलं. सही माझी. मोहाचं बी वाळलं की संपतं, काही आठवड्यांतच, हे तिथल्या कोणत्याही आजीला माहीत होतं आणि मी विचारलंच नाही. त्याचं आजही वाईट वाटतं.

त्यानंतर मी ऑफिसातला नकाशा सोडून रोपं मोजत फिरलो, प्रमोशन गेलं, घरी बोलणी खाल्ली, लोक म्हणाले याला काहून वेड लागलं. मला पश्चात्ताप नाही. माझ्या वह्यांत कुठल्या झाडाखाली काय होतं ते आहे, आणि ते दुसऱ्या कुणाकडे नाही. गाईडना हेच सांग. नकाशा ठेव, फक्त त्याच्या शेजारी रोपांचा कॉलम टाक, एवढंच मागतोय मी, हे अवघड आहे का?

चार, म्हणजे चारोळीचं झाड, आणि तेंदूपण बघ. तेंदू मुळातून फुटतो, त्याचा हिशोब वेगळा. पण आधी मोह.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ये. पिशव्यांत माती भरून ठेवतो, बी ओलं असतानाच लावू. आणि चप्पल नको, बूट घालून ये.